नारिंगी अर्धा

मैदानावर दोघींची धडक झाल्यावर पहिला बेस दुहेरी, अर्धा पांढरा नि अर्धा नारिंगी, करायचं ठरलं, आणि नारिंगी अर्ध्याची खोळ मीच शिवली. माझं दुकान सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्यांचं. सुटीच्या दिवशी मी बायकांच्या सॉफ्टबॉलची पंच. नियम पुस्तकातून स्वतःच शिकले. धडकलेल्या दोघी माझ्या बहिणीच्याच मुली. थोरली हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीच्या संघाकडून पहिला बेस सांभाळते, धाकटी बेकरीच्या संघाकडून खेळते. गेल्या हंगामात थोरलीचा पाय बेसवर होता, धाकटी सुसाट आली आणि थोरलीचा गुडघा गेला. मी निकाल दिला, चूक कुणाचीच नाही. तेव्हापासून थोरली धाकटीशी भांडते आणि माझ्याशी बोलत नाही. त्यापेक्षा भांडण परवडलं.

यंदाच्या सामन्याआधी दोन्ही संघांना मी बेसपाशी उभं केलं.

"पांढरा अर्धा रेषेच्या आत, नारिंगी बाहेर. चेंडू या बेसकडे फेकला जात असेल, तर बेस राखणारीने पांढऱ्यावर पाय ठेवायचा, धावत येणारीने नारिंगीवर. एकमेकींच्या वाटेला जायचं नाही."

"खोलीत मधे पडदा लावतात तसं," धाकटी म्हणाली.

"काही जणी पडद्यातूनही लाथ मारतील," थोरली बुटाची माती झटकत म्हणाली.

"आणि धावणारीने नुसत्या पांढऱ्यावरच पाय दिला तर?" लॉण्ड्रीच्या कॅप्टनने विचारलं. ती तिथली इस्त्रीवाली. बोलणंही तसंच, चटका देणारं.

"तर मी गप्प. ती चेंडूआधी पोचली असेल तर सेफ, म्हणजे नाबादच म्हणणार. दाद तुम्ही मागायची. चेंडू हातात, पाय बेसवर, आणि पंचाला तोंडाने सांगायचं. तेही ती परत फिरून बेसवर उभी राहायच्या आत. नंतर बोंबललात तरी उपयोग नाही."

कॅप्टन थोरलीकडे वळली. "ऐकलंस ना? आज बेस हातचा गेला, तर पुढे तू बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या राखायच्या. धडधाकट गुडघ्याची दुसरी मुलगी तयार आहे."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर ओल्या चादरी उचलणाऱ्या बाईला हा बेस म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आठवड्यातली तेवढीच एक जागा तिची होती.

शेवटच्या डावात लॉण्ड्री एका रनने पुढे होती. बेकरीच्या दोघी बाद, एक तिसऱ्या बेसवर, आणि बॅट धाकटीच्या हातात. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला. तिसऱ्या बेसवरची रन काढायला घरच्या बेसकडे पळाली, धाकटी पहिल्याकडे. थ्रो आला, पण धाकटी केसभर आधी पोचली. तिचा पाय थेट पांढऱ्यावर पडला, थोरलीच्या बोटांना चाटून. नारिंगीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"सेफ!" मी म्हटलं, आणि जीभ दातांखाली धरली.

बरोबरी झाली म्हणून बेकरीवाल्या घरच्या बेसवर नाचत होत्या. लॉण्ड्रीची कॅप्टन तिथेच कपाळ धरून उभी. इकडचं कुणीच पाहिलं नव्हतं. धाकटी बेस ओलांडून पुढे गेली होती, ती रमतगमत परत फिरली आणि मधेच थांबली.

"काय ताई, दचकलीस?"

"पांढऱ्यावर पाय दिलास! पुन्हा माझ्याच पायावर यायचं होतं ना?"

"पडला असेल सवयीने. बेस काय तुझ्या बापाचा आहे?"

"बाप आपला एकच आहे. शिव्या देताना तरी भान ठेव."

थोरलीच्या हातात चेंडू होता, पाय बेसवर होता, आरोपही अगदी बरोबर होता. पण सांगत होती ती धाकटीला. मी दोन पावलांवर उभी, आणि माझ्याकडे तिची पाठ.

धाकटीला एकदम काहीतरी आठवलं. हसू मावळलं आणि तिने बेसकडे झेप घेतली.

थोरली गर्रकन वळली. "पंच! हिने नारिंगीला पाय लावलेला नाही. दाद मागतेय. देणार आहात, की यातही चूक कुणाचीच नाही?"

"आऊट," मी मूठ वर केली. "पहिला बेस न गाठताच तिसरी बाद, म्हणून रन धरला जाणार नाही. सामना लॉण्ड्रीचा."

मग जो गोंधळ झाला! बेकरीच्या पिचरने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. "मावशी, शेवटी तिचीच बाजू घेतलीस," धाकटी ओरडली.

"तिने मागितलं. तू टोमणे मारत थांबलीस."

"तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही मी!" हेल्मेट आपटून ती गेली.

कॅप्टनने लांबूनच थोरलीला पुढच्या सामन्याला वेळेवर यायला सांगितलं. थोरलीने नुसती मान हलवली, बेसवरच बसली आणि गुडघ्याचा पट्टा सोडू लागली.

"सूज आलीय गं. बर्फ आणू?"

"निकाल दिलात ना? झालं तुमचं काम."

मला बेस उपटून दुकानात न्यायचा होता. नारिंगीची शिवण एका बाजूने उसवली होती. पण ती उठेना. मी जरा लांब जाऊन उभी राहिले, तिचा गुडघा चोळून होईपर्यंत.