देसूरच्या अलीकडची जागा

पॅसेंजरचं वाढलेलं तिकीट पुन्हा पहिल्यासारखं स्वस्त झालं, तेव्हा खानापूर स्टेशनावर सकाळची गर्दी दुप्पट झाली. त्या गर्दीत भरमाही मिसळला. मच्छेच्या कारखान्यात जायला त्याने मोटरसायकल सोडली आणि रेल्वेने मच्छेजवळच्या देसूरला उतरू लागला.

"बायकांना सरकारी बस फुकट हायच की," तो बायकोला म्हणाला. "पेट्रोल कशाला जाळायचं?"

दिपाली बेळगावात खासबागेतल्या साडीच्या दुकानात कामाला होती. मच्छेपर्यंत नवऱ्याच्या मागे बसून जायचं आणि पुढे बस धरायची, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं. घरात सासू, दीर, जाऊ, पोरं. दोघांचं म्हणून जे काही होतं, ते त्या रस्त्यावरच.

आता भरमा संध्याकाळी हसतच घरी यायचा. रेल्वेच्या डब्यात कोण काय बोललं, ब्राह्मीने कसल्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या होत्या, ते सांगायचा. ब्राह्मी निपाणीकडची, सासर खानापूरचं, बेळगावात लॅबमध्ये नोकरीला.

"जागा पण धरती व्हय तुमच्यासाठी?" दिपालीने विचारलं.

"सगळेच धरत्यात एकमेकांसाठी."

दुसऱ्या दिवशी दिपालीने फुकटची बस सोडून रेल्वेचं तिकीट काढलं. डब्यात सगळे सरकले, "या वैनी," म्हणाले. भरमा बोलायला लागला आणि ती बघतच राहिली. साहेबाची नक्कल काय, हातवारे काय! घरी जेवताना चार शब्द न बोलणारा हा माणूस इथे सगळ्यांना हसवत होता. ती सोडून सगळे हसत होते.

देसूरला तो उतरला. ब्राह्मी तिच्याजवळ सरकली. "वैनी, मग बदली झाली की हुबळीला तुमी पण जाणार न्हवं? का भरमाअण्णा एकटेच?"

"बघू," दिपाली म्हणाली. हुबळीचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दिवसभर तिने चुकीच्या साड्या काढून दाखवल्या. संध्याकाळी खानापूरला उतरल्यावर स्टेशनाबाहेरच तिने त्याला थांबवलं.

"बदली हाय तुमची. मला परक्या बाईकडनं कळतंय."

"ठरलं न्हाय गं अजून. म्हणून तर चार माणसांना विचारत होतो."

"त्या चार माणसांत मी न्हाय?"

भरमा हळूच म्हणाला, "तुला पयलं सांगितलं हुतं. गाडीवर. दोनदा. तू नुसतं व्हय व्हय म्हटलीस. मला वाटलं, तुला काय पडलेलंच न्हाय."

दिपालीला आठवलं. वाऱ्यात त्याचे शब्द कधीच नीट ऐकू येत नसत. त्याच्या पाठीला गाल लावून ती नुसती व्हय म्हणायची, कारण तो बोलतोय एवढंच तिला पुरत होतं.

"मला ऐकूच आलं न्हवतं," ती म्हणाली. तिचा राग ओसरला, पण ब्राह्मीवरचा तेवढा गेला नाही.

तिने महिन्याचा पास काढला. सकाळी भरमा सवयीने पुढच्या डब्याकडे निघाला, तिने त्याचा हात धरून त्याला शेवटच्या डब्यात चढवलं.

"देसूर यायच्या आत सगळं सांगायचं," ती म्हणाली. "सुरुवातीपासनं."

तो सांगू लागला. एवढ्यात फलाटावरून धावत येणाऱ्या ब्राह्मीने त्यांना खिडकीतून पाहिलं आणि हात हलवला. दिपालीनेही हात हलवला, आणि मग समोरच्या रिकाम्या जागेवर कुणी बसू नये म्हणून आपली पर्स ठेवली.