दादाच्या चालीचे बूट

मी एक जुना काळा बूट आहे. खरं तर आम्ही दोघे आहोत, डावा आणि उजवा. पण जन्मभर बरोबर चाललो, म्हणून 'मी' म्हणायचीच सवय लागली.

मित्रांनो, एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड तळवा ठोकून रस्ता तुडवायला बनवलं. रस्ता मात्र माझ्या नशिबी नव्हता. मला विकत घेतलं सिनेमाला आवाज देणाऱ्या दोन भावांनी. पडद्यावरचा नट चालला की हे दोघे बंद खोलीत फळीवर, फरशीवर, वाळूवर जागच्या जागी चालायचे. तुम्हाला ऐकू येतात ती पावलं त्यांची. मला बाहेर न्यायची सक्त मनाई होती, कारण तळव्यात एक खडा रुतला तरी आवाज बदलतो.

मी थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या पायात असे. दादा अंगाने भारी होता. त्याचा उजवा पाय किंचित घासायचा आणि पायऱ्या चढताना तो मध्येच दम खायला थांबायचा. धाकट्याला तो बारक्या म्हणे.

एकदा दोन मारेकऱ्यांचा सिनेमा आला. एक जाडा, एक रोडका, आणि दोघांना एकमेकांनाच मारायची सुपारी मिळालेली! जाड्याने दुधात विष कालवावं, रोडक्याने ते कुंडीत ओतावं, आणि बिचारं झाड मरावं. जाडा दादाकडे होता, रोडका बारक्याकडे.

"बारक्या, तुझा मारेकरी मांजरासारखा चालतो रे. माणूस मारायला निघालाय की दूध प्यायला?"

"आणि तुझा आला, दादा, की मेलेलाही उठून बसेल!"

हसून हसून दोघांची पुरेवाट व्हायची. मीही मनात हसायचो.

सिनेमा निम्मा झाला आणि दादाचं हृदय थांबलं. मला खोलीबाहेर न्यायचं नाही, म्हणून त्याच्या शेवटच्या प्रवासालाही मी गेलो नाही. कोपऱ्यात पडून राहिलो.

काम अडलं होतं. बारक्याने माझ्या टोकात कागद कोंबले आणि मला पायात घातलं. जाड्याची पावलं मध्येच बदलून चालणार नव्हती. त्याने उजवा पाय घासला, पायऱ्यांच्या दृश्यात दम खाल्ला. हुबेहूब दादा! सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटचं दृश्य संपलं त्या संध्याकाळी, काम पूर्ण झाल्याचं सांगायला तो तडक वहिनीकडे निघाला. दिवसभर दादासारखा चालून त्याला भानच राहिलं नव्हतं. मी पायातच होतो आणि चालही पायातच होती. मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. मला त्याचा आनंद झाला, हे आठवलं की आज लाज वाटते.

लाकडी जिना आला. पाय घासत तो चढला आणि वळणावर दम खायला थांबला. पुढच्या पायरीवर पाऊल पडायच्या आत वरचं दार धाडकन उघडलं.

"आलात? अहो, किती उशीर केलात!"

ओल्या हातांनी वहिनी दारात उभी होती. चेहरा उजळलेला. मग तिला दिसला तो दीर.

"भावजी... तुम्ही होय."

बारक्या मटकन पायरीवर बसला आणि माझ्या नाड्या सोडू लागला. "चुकलो, वहिनी. लक्षातच आलं नाही."

तिने ओले हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, "काढू नका. एकदा खाली जाऊन पुन्हा वर येता? मी दार लावून घेते."

तो रडत उतरला आणि दादासारखा वर आला. या वेळी दार उघडलं नाही. आत ती दाराला कान लावून उभी असावी, कारण हुंदका अगदी जवळून आला.

तेव्हापासून मी तिच्या दाराशी आहे. तळव्यात खडे रुतलेत, आता माझा आवाज कुणाच्या कामाचा नाही. मित्रांनो, मला पॉलिश नको की कपाट नको. एवढंच करा, जिन्यावर आपल्या माणसाची पावलं वाजली की हातातलं काम ठेवा आणि दार उघडा.