कुसुमबाईंची भोवळ

"आई, जरा घ्या हिला. मी अंघोळ उरकते."

अक्षतानं दहा दिवसांची लेक पुढं केली, तशी कुसुमबाईंनी हात मागं घेतले.

"पाळन्यात टाक. मला मेथी खुरपायचीय." भिंतीला हात लावत म्हातारी बाहेर पडली.

बार्शीकडच्या कोरडवाहू रानात हयात गेलेली ही बाई सुनेच्या बाळंतपणासाठी बहारीनला आलेली. मुलगा उज्ज्वल इथं एसी दुरुस्तीच्या कामावर. बुदैया गावात हुसेन नावाच्या तिथल्या शेतकऱ्याच्या मळ्याला लागून त्यांच्या दोन खोल्या. रिकामं बसवत नाही म्हणून कुसुमबाई मळ्यात जायच्या. बाळंतपणाच्या आठवडाभर आधी जाळीच्या शेडमधनं वाकून निघताना वरचा लोखंडी पाइप टाळूवर बसला. टेंगूळ आलं. दवाखान्यात तपासून "किरकोळ आहे" म्हणाले. टेंगूळ बसलं, पण त्यानंतर कूस बदलली की छत गरगरायचं. चालताना पाय एका अंगाला ओढायचे. सून अवघडलेली, तिला घोर नको म्हणून त्या गप्प राहिल्या.

मळ्यात वारं सुटलं होतं. बारीक वाळू डोळ्यांत जात होती. कुसुमबाई वाफ्यात बसून सरकत सरकत गवत उपटत होत्या. एक वाफा उरकला, दुसऱ्यात जायला उठल्या आणि खजुराची झाडं एकदम फिरली. त्या मटकन खाली बसल्या, दोन्ही हातांनी ओली माती धरली.

मागनं अक्षता आली, लेक खांद्यावर. तिनं ते पाहिलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी हात धुऊन मग हिला घ्या म्हणाले, त्याचा राग आहे ना? दहा दिवसांत तुम्ही एकदाही हिला घेतलं नाही."

"राग न्हाई गं."

"मग काय आहे?"

कुसुमबाईंनी माती सोडली नाही. "समदं फिरतंय. त्या पाइपापासनं. पोर हातातनं पडली म्हंजे?"

अक्षता तिथंच वाफ्यावर टेकली. "मला बोलायचं तरी, आई." मग तिनं उज्ज्वलला फोन लावला.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरणीनं कुसुमबाईंना खाटेवर आडवं केलं, मान एका बाजूला वळवून जरा खाली सोडली. खोली अशी फिरली की त्यांनी उज्ज्वलचा शर्ट मुठीत धरला. "कानाच्या आतले बारीक कण माराने जागचे हलले आहेत," डॉक्टरीण हिंदीत म्हणाली. मग मान हळूहळू दुसरीकडं वळवून त्यांना उठवून बसवलं. आणखी दोनदा यावं लागेल, असंही सांगितलं.

तिसऱ्या खेपेनंतर कूस बदलली तरी छत जागेवर राहिलं. चालताना मात्र अजून थोडं डुलायला होई.

त्या दिवशी कुसुमबाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या. "दे हितं. पर तू जवळ ऱ्हा."

अक्षतानं लेक मांडीवर ठेवली, खाली आपला हात राहू दिला. थोड्या वेळानं काढून घेतला.

उज्ज्वल वाकून म्हणाला, "आई, हिनं लुगडं भिजवलंय. ऊठ."

"भिजू दे. उटले तर फिरंल. आन् न्हाई फिरलं, तरी मी उटत न्हाई."