जलयोगींचा तपकिरी ग्लास

महाराजपुरातल्या कॉलनीचं मैदान सकाळीच भरलं होतं. मंचावर जलयोगी महाराज आणि पाण्याचे दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात महाराजांच्या मण्यानं 'शुद्ध' केलेलं. दोन्हींत त्यांनी बॅटरीला जोडलेल्या सळया सोडल्या. पाच मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी झालं, वर घाणेरडा फेस आला. मण्याचं पाणी मात्र जसंच्या तसं!

"देखो भक्तों, रोज क्या पीते हो! मणि मटके में डालो, न उबालना, न छानना!"

नीलकंठराव तडक मंचावर चढले. आयुष्यभर कारखान्यात लोखंड तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. देवाधर्माचं त्यांना वावडं. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, एवढी एकच श्रद्धा त्यांनी जपली होती.

"मी स्वतः पारखलंय," ते माइकवर म्हणाले आणि पहिला मणी त्यांनीच घेतला. सळया एवढ्या झिजलेल्या काहून, असं मनात आलं होतं खरं. पण गळ्यात हार पडल्यावर शंका विचारायची कशी?

घरी पाणी उकळणं बंद झालं.

"अहो, गल्लीतला पाइप फुटलाय. उकळू द्या ना," पत्नी वसुधाबाई म्हणाल्या.

"तुला विज्ञानातलं काय कळतं?" विज्ञानाचे कैवारी गरजले.

चौथ्या दिवशी वसुधाबाईंना जुलाबांनी गाठलं. दवाखान्यात सलाइन लागलं.

"बाबा, मणी कुठे आहे?" सून सुनेत्रानं विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"माठात."

"आणि आई इथे."



रविवारी महाराज पुन्हा आले. सुनेत्रा मिठाची डबी घेऊन मंचावर गेली.

"महाराजजी, तुमच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकू?"

"नहीं! मणि का तेज चला जाएगा!"

"डालने दो, दीदी को डालने दो!" गर्दी ओरडली.

मीठ पडलं, सळया बुडाल्या आणि बघता बघता शुद्ध पाणीही तपकिरी झालं.

"हा रंग पाण्याचा नाही, सळईचा," सुनेत्रा म्हणाली. "सळई लोखंडाची आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज पाण्यात उतरतो. यांचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. त्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नव्हती. आजारी पाडणारे जंतू तर डोळ्यांना दिसतच नाहीत!"

नीलकंठरावांनी तो गाळ बोटांवर चोळला. गंजच! तीस वर्षं ज्याच्याशी रोज गाठ पडली, तोच ओळखू आला नाही.

महाराज सामान आवरू लागले, तेव्हा नीलकंठरावांनी माइक घेतला.

"भाऊ हो, या माणसाची जाहिरात मीच केली. माझी बायको काल घरी आली, तिचं नशीब. पाणी गाळा, खळखळून उकळा, झाकून ठेवा. आणि मंचावर कितीही मोठा माणूस असो, शंका आली तर तिथल्या तिथे विचारा. मला आली होती. मी लाजलो."