लाउडस्पीकरवरची गुप्त बैठक

जेवून उठलं की शिंपीणबाई मागच्या दारी जाऊन घशात बोटं घालून ओकत. नर्सबाईंनी अशांसाठी गुप्त बैठक ठेवली आणि लाउडस्पीकरवरून गावभर जाहीर केली. आजारी कोण ते बघायला अख्खं गाव लोटलं. शिंपीणबाईंनी धीर करून आपलं ओकणं सांगून टाकलं.

"मन घट्ट करा," मास्तरांनी सुनावलं.

"पण बारीक छान दिसता हो!" जाऊबाई म्हणाल्या.

शिंपीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाहेर पडल्या, तशा पोस्टातल्या बाई मागोमाग आल्या.

"मीही ओकते. अकरा वर्षं झाली."

"मग आत का नाही बोललात?"

"वेड लागलंय का मला?"

दोघींना हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून पोस्टातल्या बाई माप द्यायच्या निमित्ताने डबा घेऊन दुकानात येऊ लागल्या. जेवण झालं की उबळ ओसरेपर्यंत दोघी एकमेकींना उठू देत नसत.

गाव म्हणे, "एका पोलक्याला मापं तरी किती!"