दिवसा घरी कोण असतं?

सुर्ल्याच्या कमलाक्षीबाईंकडे पाखरू न्यायला कुणी आलं की बाई आधी एकच गोष्ट विचारायच्या, "दिवसा घरी कोण असतं?" कोणतं पाखरू हवं, हे त्या नंतर विचारायच्या. बाई मराठी शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. घरापुढच्या रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक धावायचे, त्यांची लाल धूळ पाखरांना लागू नये म्हणून पिंजरे मागच्या परसात फणसाखाली होते.

अमृता तिथे गेली ती साखळीच्या कॉलेजातून सुटल्यावर, पाठीवर दप्तर तसंच ठेवून. ती पेडण्याकडच्या कोरगावची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि डिचोलीत चंद्रावतीकाकींच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन एकटीच राहायची. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास. दिवेलागणीनंतर खोलीचं कुलूप काढलं की आत नुसता अंधार असायचा, आणि तो तिला नको व्हायचा. वर्गातल्या अर्चनाकडे पणजीला एक राखाडी आफ्रिकन पोपट होता. अर्चना दारात आली की तो तिला नावाने हाक मारायचा. ती हाक ऐकली त्या दिवसापासून अमृताच्या डोक्यात दुसरं काही येईना.

"तो राखाडी नको हं," बाई म्हणाल्या. "तो पाळणं म्हणजे घरात मूल वाढवणं. आपला हिरवा पोपट तर रानातला, त्याला धरायची कायद्यानेच बंदी. तू शिकणारी मुलगी. तू बजरीची, त्या चिमुकल्या रंगीत पोपटांची जोडी ने. ती दोघं आपसात बडबडतात, खातात, भांडतात. तू संध्याकाळी आलीस तरी त्यांचं काही अडत नाही."

अमृताने बजऱ्यांकडे पाहिलंही नाही. शेजारच्या पिंजऱ्यात एक कॉकाटिल पोपट एकटाच दांडीवर बसला होता. करडं अंग, पिवळा तुरा, गालावर केशरी टिकली. तिने बोट पुढे केलं तसा तो मान खाली घालून तिच्याकडे सरकला. डोकं खाजवून घ्यायला.

"हा बोलतो?"

"शीळ घालतो. शिकवलास तर एखादा शब्द. पण हा माणसाचा पक्षी. एकटा ठेवलास तर झुरतो. म्हणून विचारते, दिवसा घरी कोण असतं?"

"आई असते," अमृता म्हणाली. "दिवसभर घरीच असते."

हे तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. आई कोरगावला होती. पहाटे उठून लोकांच्या बागायतीत कामाला जात होती आणि घरी यायची ती काळोख पडता पडता. बाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिंजरा उतरवला.

अमृताने त्याचं नाव ठेवलं बाबल. पहिले काही आठवडे फार सुखाचे गेले. ती आली की बाबल तुरा उभारून दांडीवर नाचायचा, खांद्यावर बसून तिचे केस ओढायचा. ती त्याला "अमू, अमू" शिकवायची. पण शिकवायला वेळ किती? जेवण, अभ्यास, की डोळे मिटायचे. दिवसभर त्या बंद खोलीत बाबलच्या कानावर पडायचं ते एकच: सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पदेराचा भोंगा. शेवटी बाबल शिकला तो भोंगाच. पों, पों, पों. काकी पावासाठी टोपली घेऊन दारात यायच्या आणि रस्ता रिकामा बघून परत जायच्या. आधी हसल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "गो अमृता, तुझा तो पक्षी दिवसभर बोंबलतो. माझ्या मालकांना दुपारी झोप नाही."

तेव्हापासून अमृता निघताना पिंजऱ्यावर जाड चादर टाकू लागली. काळोख वाटला की गप्प राहतो. राहिलाही.

परीक्षा जवळ आली. संध्याकाळी चादर काढायला कधी उशीर व्हायचा, कधी ती तशीच राहायची. एकदा पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसली. झडत असतील, म्हणून तिने झाडून टाकली. नंतर रोजच दिसू लागली. बाबलची छाती उघडी पडत चालली होती, गुलाबी, सोललेल्या कोंबडीसारखी. तो स्वतःच चोचीने उपटत होता. बाईंकडे न्यायला हवं हे तिला कळत होतं. पण बाई विचारणार, आई काय करते दिवसभर? त्या एका प्रश्नाच्या भीतीने ती सुर्ल्याची बसही टाळू लागली. शिगम्याच्या सणाला घरी गेली नाही. पिंजरा बरोबर न्यावा लागला असता.

ती आली नाही म्हणून तिची आई गंगाच आली. काजूचा मोसम, एक दिवस बुडवणं जड, तरी गंगा म्हापशाला बस बदलून, पिशवीत कोकमाची सोलं आणि नारळ घेऊन डिचोलीत उतरली. खोलीत शिरली आणि चादरीखाली काय आहे म्हणून तिने ती बाजूला केली.

तिने पिंजऱ्याच्या तळाचं एक पीस उचललं. मग म्हणाली, "ह्याची पिसां खंय गेली?"

"उपटतो तो. अभ्यासामुळे मला..."

"खंयसून हाडलंस ह्याका?"

"सुर्ल्याच्या एका बाईंकडून."

"चल. आताच्या आता."

अमृताने उद्याचं निमित्त काढलं, बसचं काढलं. गंगाने पिंजरा उचलला होता.

बाई परसात पाण्याच्या वाट्या धूत होत्या. पिंजरा बघून त्यांचे हात थांबले. त्यांनी बाबलला बाहेर काढलं, ओंजळीत धरलं, छातीवरून अंगठा फिरवला. मग मान वर केली, ती अमृताकडे नाही. गंगाकडे.

"तुम्ही हिच्या आई ना? दिवसभर घरी असता ना तुम्ही? पोर कॉलेजात जाते, तिला काय म्हणायचं. पण तुमच्या डोळ्यांसमोर हे पाखरू स्वतःला ओरबाडतंय आणि तुम्हाला दिसलं नाही? दोन शब्द बोलवले नाहीत त्याच्याशी?"

अमृता आईच्या तोंडाकडे बघू लागली. आता आई म्हणणार, मी तर कोरगावला असते. आता सगळं बाहेर येणार.

गंगाने एकदा मुलीकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि शाळेत छडीपुढे उभं राहावं तशी उभी राहिली.

"होय बाई," ती म्हणाली. "माझाच चुकला."

बाई आणखी बोलल्या. जीव पाळायची हौस आणि जीव पाळणं वेगळं, असं काहीबाही. गंगा खाली बघून ऐकत राहिली. अमृता आईपासून हातभर अंतरावर होती. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. तिने उघडलं नाही.

बाबल तिथेच राहिला. दोघी रस्त्यावर आल्या. ट्रक जात होते, बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि अमृताला ते बरंच वाटत होतं. ट्रकांची रांग संपली तेव्हा ती म्हणाली, "आई, तू का नाही सांगितलंस तिला?"

"मी गप्प रवलंय," गंगा म्हणाली, "तू बोलतलंस म्हणान."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हापशाची बस आली. चढताना तिने पिशवीतलं सोलांचं पुडकं काढून अमृताच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वेळेर जेव."

बस वळणाआड गेली तरी अमृता तिथेच उभी होती. मग मागे फिरली. बाईंच्या परसात जाऊन तिने एका दमात सांगून टाकलं: आई कोरगावला असते, बागायतीत राबते, बाबलला तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

तिला वाटलं होतं, बाई ओरडतील. बाई पायरीवर बसल्या.

"कुठे आहे ती?"

"बस गेली."

"मी तिला बसा म्हटलं नाही गं," बाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा विचारलं नाही. उभ्याउभ्या बोलले तिला." आणि मग तिच्याकडे बघून, "तू उभी होतीस ना तिथेच?"

अमृता धुवायच्या राहिलेल्या वाट्या गोळा करू लागली.

पुढच्या रविवारी बाईंनी तिला बरोबर घेतलं आणि कोरगाव गाठलं. गंगा काजूखाली बोंडू गोळा करत होती. चिकाने काळवंडलेले हात तिने झटकन पदरात घेतले. बाई माफी मागू लागल्या तशी म्हणाली, "आधी बसा. मगे बोलूया." काजूचा ताजा नीरो, बोंडूंचा गोड रस, तिने पेल्यातून आणून दिला. दोघी दारापुढच्या बाल्कावावर, बसायच्या कट्ट्यावर बसून बोलत राहिल्या, पाखरांबद्दल, शाळेबद्दल, सुर्ल्याच्या धुळीबद्दल. मध्येच हसल्याही. अमृता आत चुलीपाशी बसून होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही, आणि आपण होऊन जाण्याची तिची छाती झाली नाही.

पावसाळ्यापर्यंत बाबलच्या छातीवर बारीक लव आली. एक जागा मात्र तशीच उघडी राहिली. परीक्षा झाल्यावर अमृता दर रविवारी सुर्ल्याला जाऊ लागली. पिंजरे झाडायची, वाट्या घासायची. बाबल आता इतर कॉकाटिलांत असायचा. ती बोट पुढे करायची, तो दुसऱ्या टोकाला सरकायचा. बाई म्हणायच्या, "असू दे. त्याला आता माणसाची गरज नाही." त्या हे समजूत घालायला म्हणायच्या.

गावात कुणी विचारलं की गंगा सांगते, "आमच्या अमृताचा पाखरू सुर्ल्याच्या बाईंकडे असता. थंय त्याका सोबत असा." का, ते ती सांगत नाही. ते वाक्य सुरू झालं की अमृता उठते आणि आत निघून जाते.