पाल्याचं खरं नाव

पडद्यावरची म्हातारी ग्वाटेमालाची, माया लोकांतली. तिला मराठी आवाज मी द्यायचा होता. गोरेगावच्या डबिंग स्टुडिओत मी सासवा केल्यात, सुना केल्यात, एकदा बोलणारी म्हैससुद्धा केलीय. म्हातारीचं काय एवढं? पण तिने नातीच्या फुटलेल्या गुडघ्यावर पाला चुरून पिळला आणि माझी वाक्यंच चुकायला लागली. कारण तो आमचा पाला होता. केसाळ पानं, लांब दांडी, वर एकच बारकं पिवळं फूल. माझी आई मालाडला सोसायटीच्या कंपाउंडलगत तोच खुडते आणि अख्ख्या बिल्डिंगच्या जखमांना लावते.

"आजीच्या आजीपासून चालत आलंय हे," असं म्हातारीचं वाक्य होतं. आईही हेच म्हणते, शब्दाला शब्द. मग कोण कुणाकडून शिकलं? डिरेक्टर रोनाल्ड म्हणाला, झाड मुळात तिकडचंच, आपल्याकडे मागाहून आलं. मला रागच आला. आमच्या गावच्या, कणकवलीच्या बांधावरचा पाला परदेशी कसा असेल?

पुढच्या दृश्यात म्हातारी नातीच्या कानात झाडाचं खरं नाव सांगते. ते गुपित म्हणून शूटिंगवाल्यांनी रेकॉर्डच केलं नव्हतं. ओठ मात्र हलत होते, आणि रोनाल्डला तिथे कुजबूज हवी होती. मोबाइलवर शोधून तो म्हणाला, "दगडीपाला बोल ना, अस्मिता. विषय संपला."

विषय कसला संपतो! दगडीपाला लोक म्हणतात. आईच्या मते खरं नाव वेगळंच आहे आणि ते चारचौघांत घेतलं की पाल्याचा गुण जातो. वेळ आली की ती माझ्या कानात सांगणार. मी पन्नाशीला आले, वेळ काही येत नाही. आई नुकतीच हॉस्पिटलमधून घरी आलीय. नाव तिच्याबरोबरच जाईल, ही धास्ती मला झोपू देत नाही.

ब्रेकमध्ये आईला फोन लावला, म्हातारीचं सांगितलं. आई आधी हसली, मग त्या बाईला आपला पाला कुणी दाखवला म्हणून गोंधळली. मी म्हटलं, आता तरी नाव सांग, माइकवर नाही घेणार. ती म्हणाली, जेवलीस का. मी हट्ट सोडला नाही.

शेवटी ती मालवणीत म्हणाली, "माका खंय म्हायत? आवशीन माका सांगूकच नाय. वेळ इली की सांगतंय म्हणायची, आणि गेली."

मला रडावं की भांडावं कळेना. म्हणजे आईलाच ठाऊक नव्हतं. आजीला तरी ठाऊक होतं का? की तिच्याही आईने असंच टोलवलं होतं? आई मात्र हलकी झाल्यासारखी बोलत होती, भाजी काय करू विचारत होती.

परत माइकपुढे उभी राहिले. म्हातारी नातीच्या कानाशी वाकली. मी दगडीपालाच म्हणणार होते, शपथ. तोंडातून हळूच निघालं ते "माका खंय म्हायत."

काचेपलीकडून रोनाल्डने अंगठा दाखवला. म्हातारीच्या ओठांवर ते अगदी चपखल बसलं होतं.